अंगणातील शाळा

महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रायोगिक स्वरूपात सुरू केले व १९०६ मध्ये ते बडोदे संस्थानभर लागू केले, याचा आपणां सर्वांस सार्थ अभिमान आहे. कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. दाराच्या आत त्याच्या हातांना व कल्पनेला काय द्यावे, हा प्रश्न मात्र उरतो. त्याचा शोधही गुजरातच्याच भूमीत घेतला गेला आणि त्यात एका मराठी विदुषीचा वाटा मोठा होता.

वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. गोष्टी, गाणी, नाटुकली, चित्रे यांना तेथे अभ्यासाचाच मान होता. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक या कार्यात आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसरी पद्धतीची साधने गरिबांना न परवडणारी होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस एवढे ठाऊक आहे की, नाव परिपत्रकाने पोहोचते. वृत्ती पोहोचविणे अवघड. हजेरीचे व आहाराचे तक्ते भरता येतात. मुलाने बियांची मांडलेली नक्षी कोणत्या रकान्यात नोंदवावी?

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. आपली नातवंडे परभाषेच्या माध्यमात शिकतात. त्यांचे मराठी टिकावे म्हणून आपण पाठांतर-स्पर्धा भरवितो, ते योग्यच. परंतु पाठ केलेले समारंभापुरते उरण्याची भीती असते. स्पर्धेच्या जोडीने एक तास असा ठेवावा की, ज्यात मुले स्वतःची गोष्ट स्वतःच्या मराठीत रचतील. मोडकीतोडकी का असेना. ताराबाईंनी शिंपल्यांवर भागविले. आपल्यापाशी निदान तेवढे साहित्य खासच आहे.