कुरणांतील गोगलगायींचे समुदाय

कुरणात गोगलगायींच्या कोणत्या जाती एकत्र नांदतात, हे मुख्यतः जमिनीतील चुना, ओलावा आणि वनस्पतींची रचना यांवर ठरते. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने चुना कमी असलेल्या आम्लधर्मी जमिनीत जाती मोजक्याच आढळतात. स्लोव्हाकिया व चेकियातील पश्चिम कार्पेथियन डोंगरांतल्या झऱ्यांकाठची पाणथळ कुरणे हे याचे उत्तम उदाहरण. झऱ्याच्या पाण्यातून शेवाळावर चुन्याची पुटे चढतात तिथे जाती विपुल. स्फॅग्नम शेवाळाच्या आम्ल दलदलीत मात्र नेसोव्हिट्रिया हॅमोनिससारख्या थोड्याच काटक जाती तग धरतात.

बागेतल्या अनुभवावरून गोगलगाय म्हणजे कोवळ्या पानांचा फडशा पाडणारा जीव, असा समज होतो. कुरणातल्या बहुतेक बारीक जाती मात्र कुजकी पाने, बुरशी व शैवाल यांवर जगतात. त्यामुळे गवत कोणते, यापेक्षा त्याची उंची, सावली आणि बुडाशी साचलेला पालापाचोळा महत्त्वाचा. व्हर्टिगो गेयेरी ही २ मिमी.हूनही लहान गोगलगाय ठेंगण्या लव्हाळ्यांच्या बुडाशी, ओल्या शेवाळात राहते. तिची नातलग जात व्हर्टिगो मूलिन्सियाना उंच लव्हाळ्यांच्या पात्यांवर चढून बसते. कापणी-चराई थांबून झुडपे माजली की पहिली हटते; कापणी वारंवार झाली की दुसरीचा आसरा जातो. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात दोघींनाही संरक्षण आहे, त्यामुळे त्या शेजारी नांदत असल्या तर कुरण राखणाऱ्याची पंचाईत होते.