दगडावर चढणारी चाके

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे पुण्याला आला होता. येताना त्याने रेडिओवर चालणारी एक मोटार आणली होती. फरशीवर ती भन्नाट पळायची. एका संध्याकाळी आम्ही ती वेताळ टेकडीवर नेली. तिथल्या जुन्या खाणीजवळ काळ्या पाषाणाचे मुठीएवढे, नारळाएवढे तुकडे पडलेले असतात. पहिल्याच दगडावर गाडी अडकली. मागच्या दोन चाकांपैकी एक हवेत गरगर फिरत होते आणि दुसरे दगडाला टेकून ढिम्म उभे होते.

"मावशी, हिच्यात जोर कमी आहे. आपण मोठी मोटर लावू या," भाचा म्हणाला.

क्षणभर मलाही तसेच वाटले. पण जोर कमी असता तर ते चाक हवेत एवढ्या वेगाने फिरले असते का? जोर होता, तो नको त्या चाकाकडे जात होता. त्या सुट्टीत आम्ही दगडावर चढणारी गाडी घरीच बनवली. जूनमध्ये त्याने ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायची म्हटली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "खेळणी नकोत, प्रयोग आणा." यात विज्ञान काय, या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही. ते शोधताना मी या चाकांच्या इतिहासात शिरले.

दुरून चालवणे आणि जमिनीवर चालणे

तार न जोडता यंत्र दुरून चालवण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव रेडिओलहरींनी चालवून दाखवली. त्याच वर्षी त्याला तिचे पेटंटही मिळाले. पण पाणी सपाट असते. दगडधोंड्यांवरून जायचे तर रेडिओपेक्षा चाकांचा प्रश्न अवघड ठरतो.

तो समजून घ्यायला वर्गातले टेबल पुरेसे आहे. तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल मात्र डुगडुगते. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेल याची खात्री नसते. ताठ सांगाड्यावर चार चाके बसवली की दगडांवर बहुतेक वेळा तीनच टेकतात.

आता यात डिफरन्शियलची भर घाला. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवली तर त्यांतले एक घसटत जाते. यावर उपाय म्हणून फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकेर या घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी दंतचक्रांची एक रचना केली. आजच्या मोटारींमधले डिफरन्शियल तिचेच वंशज आहे. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, पण दोघांना आघूर्ण मात्र सारखेच देते. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच आघूर्ण लागत नाही. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढेच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळते! रस्त्यावरचा हा गुण दगडावर दोष ठरतो. भाच्याच्या गाडीचे दुखणे हेच होते.

१९८७ साली जपानच्या तामिया कंपनीने क्लॉड बस्टर नावाची खेळण्यातली दांडगी गाडी काढली. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसावर स्वतंत्र मोटर होती. पुढे हौशी मंडळींनी तिचे आस काढून घेतले, डिफरन्शियल जाम केले, नवा सांगाडा रचला आणि दगड चढणाऱ्या गाड्या घरी बनवल्या. वळताना चाके घसटली तरी चालतील, पण टेकलेल्या चाकाला जोर मिळाला पाहिजे, असा हा सौदा होता.

चंद्रावरची तयारी

हौशी लोकांच्या कितीतरी आधी हा प्रश्न चंद्रासाठी विचारला गेला होता. पोलंडमध्ये जन्मलेल्या मियेचिस्वाव बेकर या अभियंत्याने, मऊ आणि खडबडीत जमिनीत चाक कसे रुतते आणि कसे पुढे जाते, याचे शास्त्रच मांडले. त्याचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत त्याच्याबरोबर फेरेंक पावलिक्स हा हंगेरीहून आलेला अभियंता काम करत होता.

चांद्रयानात गाडीसाठी जागा अगदी थोडी होती. त्यामुळे गाडी न्यायची तर घडी घालून न्यावी लागणार होती. ते जमेल हे वरिष्ठांना पटवायला पावलिक्सने एक षष्ठांश मापाचे, घडी होणारे, रेडिओवर चालणारे मॉडेल बनवले. चालकाच्या जागी त्याने आपल्या मुलाचा जी. आय. जो हा बाहुला बसवला आणि गाडी चालवत थेट वेर्नर फॉन ब्राउन यांच्या कार्यालयात नेली. ऑक्टोबर १९६९ मध्ये खऱ्या गाडीचे कंत्राट बोइंगला मिळाले आणि चाकांसह चालण्याच्या सगळ्या यंत्रणेचे काम जनरल मोटर्सकडे आले. जुलै १९७१ मध्ये अपोलो १५ ची माणसे ती गाडी चंद्रावर चालवत होती. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर होती आणि मोटरचे ८० फेरे झाले की चाकाचा एक व्हायचा. टायर पियानोच्या तारेसारख्या पोलादी तारेचे विणलेले होते.

सोव्हिएत अभियंत्यांनी माणसाशिवायची गाडी पाठवली. १७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावर उतरलेल्या लुनोखोद १ ला आठ चाके होती, त्यांनाही प्रत्येकी स्वतंत्र मोटर. क्रिमियात बसलेले चालक ती रेडिओने चालवत. संदेश जाऊन परत यायला सुमारे अडीच सेकंद लागत. शिवाय चालकांना सलग चित्र दिसत नसे, काही सेकंदांनी एकेक स्थिर चित्र येई. म्हणजे चालक जे पाहत तो गाडीचा भूतकाळ असे! तरीही तिने साडेदहा किलोमीटर मजल मारली.

तराजूची दांडी

मंगळाची गोष्ट आणखी अवघड आहे. तिथे संदेश पोचायलाच काही मिनिटे लागतात, कधी वीसहून अधिक. चाक अडकलेले कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. चालकाच्या हातात कसब असून भागत नाही, शहाणपण गाडीच्या सांगाड्यातच असावे लागते.

असा सांगाडा नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड बिकलरने १९८० च्या दशकात शोधला. त्याला रॉकर-बोगी म्हणतात आणि त्याचे पेटंट १९८९ चे आहे. एका बाजूच्या तीन चाकांपैकी दोन चाके एका दांडीच्या दोन टोकांना असतात. ही दांडी मधोमध बिजागरीने दुसऱ्या, मोठ्या दांडीच्या टोकाला जोडलेली असते. मोठ्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला तिसरे चाक असते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या मोठ्या दांड्या एकमेकींना अशा जोडतात, की एक जितकी वर कलेल तितकी दुसरी खाली कलते. गाडीचे धड दोघींच्या मधल्या कोनात राहते.

यात एकही स्प्रिंग नाही. असे का? स्प्रिंगवर बसवलेले चाक दगडावर चढले की स्प्रिंग दाबली जाते आणि त्या चाकावरचा भार वाढतो. खड्ड्यात उतरलेल्या चाकावरचा भार कमी होतो. जिथे पकड हवी तिथेच ती सुटते. बिजागरी तराजूसारखी वागते. दांडी थोडी कलली तरी दोन्ही टोकांना वाट्याला येणारा भार जवळपास तेवढाच राहतो. या रचनेची गाडी आपल्या चाकाच्या व्यासाएवढ्या उंचीचा दगडही ओलांडू शकते.

बिकलरच्या रचनेवर प्रयोगशाळेत 'रॉकी' नावाच्या छोट्या गाड्या तयार झाल्या. त्यांच्यातूनच ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेली सोजर्नर जन्मली. तिचे वजन जेमतेम साडेदहा किलो, चाके १३ सेंटिमीटरची, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. तिचे नाव एका शाळकरी मुलीच्या निबंधातून घेतले होते.

आमची गाडी

आम्ही चारच चाके घेतली. तपकीर गल्लीतून गिअर लावलेल्या चार छोट्या मोटरी आणल्या, मिनिटाला ३० फेरे देणाऱ्या. चाके म्हणजे बरण्यांची ८ सेंटिमीटर व्यासाची झाकणे, त्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. परीघ सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वेग मिनिटाला साडेसात मीटर. भाच्याला तो अगदीच गोगलगाईचा वाटला. पण मोटरचा वेग गिअरने जितका कमी करावा, तितके चाकावरचे आघूर्ण वाढते (घर्षणात जाते ते वजा). मोटर मोठी न करताही जोर वाढवता येतो, तो असा.

डावी आणि उजवी बाजू दोन वेगळ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवून त्या एका आडव्या बोल्टने जोडल्या. जुन्या गाडीतल्या रिसीव्हरला दोन वाटा होत्या: एक पुढे-मागे जाण्याची, दुसरी डावी-उजवीकडे वळण्याची. पहिली डाव्या चाकांना दिली, दुसरी उजव्या चाकांना. दुसरी वाट मुळातच अशक्त होती. पहिल्याच दिवशी गाडी अडली आणि तिचा ट्रान्झिस्टर जळाला. मग नवा ट्रान्झिस्टर घालून दोन्ही वाटांवर रिले बसवले.

तरीही गाडीचे एक चाक दगडावर अधांतरी राहीच. पाहिले तर बोल्टची नट मी फार आवळली होती! तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. एक चाक काट्यावर आणि बाकीची तीन तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर. गाडी १२०० ग्रॅमची, काटा सुमारे ३०० दाखवत होता. मग काट्याखाली एक पुस्तक सरकवले. नट आवळलेली असताना काटा साडेपाचशेच्या वर गेला. म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके सारा भार पेलत होती आणि उरलेली दोन नुसती टेकली होती. नट सैल केली आणि काटा पुन्हा तीनशेजवळ आला. सबंध रॉकर-बोगीचे तत्त्व त्या एका आकड्यात दिसले.

पुढची अडचण उलटण्याची होती. सेलचा डबा वर होता, म्हणून गुरुत्वमध्य जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर आणि मागच्या चाकांच्या १२ सेंटिमीटर पुढे होता. या दोन अंतरांचे गुणोत्तर एक, म्हणून ४५ अंशांच्या चढावर गाडी मागे उलटते. डबा खाली आणि पुढे आणल्यावर ही अंतरे ८ आणि १५ झाली आणि उलटण्याचा कोन ६२ अंशांच्या आसपास गेला. अर्थात त्याच्या बऱ्याच आधी रबर घसरायला लागते. पण दगडाच्या पायरीवर चढताना तोच फरक उपयोगी पडला. ज्या दगडावर पहिली गाडी अडली होती, तो या गाडीने तीस-चाळीस सेकंद घेऊन ओलांडला.

अजून संपलेली नाही

हे प्रश्न मोठ्या गाड्यांनाही सुटलेले नाहीत. मंगळावरच्या क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना २०१३ मध्ये भोके पडलेली दिसली. चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा. एक चाक दगडावर चढत असताना सपाटीवरची चाके त्याच वेगाने फिरत राहिली, तर चढणारे चाक दगडाच्या टोकावर रेटले जाते. चढावर अंतर जास्त, म्हणून वेगही वेगळा हवा. हा पेकेरचाच प्रश्न, फक्त आता उभ्या दिशेने. २०१७ साली पृथ्वीवरून नवा प्रोग्रॅम पाठवून प्रत्येक चाकाचा वेग जमिनीच्या चढउताराप्रमाणे बदलता येईल अशी सोय केली गेली. दुरून झालेली ही ट्यूनिंगच म्हणायची.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरल्यावर बाहेर पडलेली प्रज्ञान गाडीही सहा चाकांची, रॉकर-बोगीचीच. वजन २६ किलो. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचे विवर आले, तेव्हा तिला मागे फिरवले गेले. आपण काय चढू शकतो याबरोबरच काय चढू शकत नाही, हेही माहीत असावे लागते.

ते कळण्याची वाट बहुतेक वेळा छोट्या मॉडेलातून गेली आहे. अर्थात मॉडेल फसवतेही. माप दुप्पट केले की वजन आठपट होते, पण दांडीच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच. म्हणून छोट्या गाडीत टिकणारी दांडी मोठीत मोडू शकते. तेव्हा केवळ बनवून थांबायचे नाही, मोजायचेही. खेळण्याचा प्रयोग होतो तो तिथे.

भाच्याला मी हे सगळे फोनवर सांगितले. पावलिक्सच्या बाहुल्याची गोष्ट त्याला सर्वांत आवडली. पुढच्या वेळी त्याने गाडीबरोबर वजनकाटाही नेला आणि बघायला येणाऱ्यांच्या हाती पाना देऊन नट आवळायला सांगितली. या वेळी गाडी ठेवू दिली.