ग्रंथसूची आणि ग्रंथनिर्देश : मराठी संदर्भग्रंथांच्या इतिहासातील एक निखळलेला दुवा

एखाद्या विषयाची गोडी लागलेला, परंतु त्या विषयाचे रीतसर अध्ययन न केलेला वाचक जाणत्याकडे येतो आणि विचारतो, 'या विषयावर काय वाचावे?' या प्रश्नाला दोन प्रकारांनी उत्तर देता येते. त्या विषयावर जे जे छापले गेले त्याची यादी त्याच्या हाती द्यावी, हा एक प्रकार. त्यांपैकी कोणता ग्रंथ कोणत्या कामासाठी, कोणत्या आवृत्तीत आणि कितपत विश्वासाने वाचावा हे सांगावे, हा दुसरा. पहिल्यास ग्रंथसूची हे नाव रूढ आहे. दुसऱ्यास येथे ग्रंथनिर्देश म्हटले आहे. बोलभाषेत त्याला शिफारस म्हणतात. हा शब्द फारसीतील 'सिफारिश'वरून आलेला आहे. सकार-शकारांची अदलाबदल करून मराठीने तो आपलासा केला, आणि पुढे नोकरी, बदली व वशिला यांच्या संगतीने त्याची अब्रू थोडी कमी केली. मराठीत सूचीचे काम मोठ्या परिश्रमाने झाले. निर्देशाचे काम आरंभी तिच्या जोडीनेच सुरू झाले होते, पण पुढे त्याची वाट वेगळी झाली. ती कोठे वेगळी झाली आणि त्याचा परिणाम वाचकावर काय झाला, हे पाहण्यासारखे आहे.

मराठी पुस्तकांच्या आरंभीच्या गणनांपैकी एक मोठी गणना १८६४ च्या अखेरीपर्यंतची आहे. मुंबई इलाख्याच्या विद्याखात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांनी ३१ डिसेंबर १८६४ पर्यंत इलाख्यात प्रसिद्ध झालेल्या देशी भाषांतील पुस्तकांची सूची सिद्ध केली व ती १८६७ साली छापून निघाली. या सूचीतील मराठी विभागावर अभिप्राय लिहिला तो महादेव गोविंद रानडे यांनी. रानड्यांचे वय त्या वेळी पंचविशीच्या आसपास होते. हा अभिप्राय म्हणजे सूचीला जोडलेली औपचारिक प्रस्तावना नव्हे. काय छापले गेले याच्या शेजारीच त्याची योग्यता काय आणि उणीव कोठे, हे सांगण्याची जबाबदारी त्यात स्वीकारलेली आहे. यादी आणि विवेक एकाच बांधणीत आल्याचे मराठीतील हे एक आरंभीचे व ठळक उदाहरण होय.

योगायोग असा की, त्याच १८६७ साली छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा (१८६७ चा २५ वा) झाला. छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारात द्याव्यात, त्यांची नोंद ठेवली जावी आणि तिमाही याद्या सरकारी गॅझेटात प्रसिद्ध व्हाव्यात, अशी व्यवस्था त्याने लावून दिली. गणना आपोआप होऊ लागली. म्हणून गुणदोष सांगणे हे कोणाचेच काम राहिले नाही. नोंदवहीला साहित्याची चाड नसते, आणि तशी अपेक्षा ठेवणेही चूक. पुढे १८९८ मध्ये रानड्यांनीच मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधी टिपण लिहिले, तेव्हा मधल्या सुमारे तीस वर्षांच्या या नोंदींचा आधार घेऊन त्यांनी विषयवार आढावा घेतला. एकाच माणसाला तीन दशकांच्या अंतराने तेच काम पुन्हा करावे लागले, एवढ्यावरून मधल्या काळात ते अन्य कोणी हाती घेतले नव्हते असे अनुमान काढणे फारसे धाडसाचे होणार नाही.

सूचीची परंपरा मात्र वाढत गेली. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्टकृत सूची १८९२ साली निघाली. या परंपरेचा कळस म्हणजे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथ आले. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या जिद्दीवर उभे राहिलेले एवढे मोठे काम अन्य भारतीय भाषांतही सहसा आढळणार नाही. विषयवार वर्गीकरण करून दात्यांनी प्रत्येक ग्रंथाला त्याची जागा दिली, आणि नंतरच्या काळाचे सूचिकार्य शरद केशव साठे यांनी पुढे चालविले. मराठी मुद्रणाच्या कोणत्याही प्रश्नावर आज काम करावयाचे तर पहिले पाऊल दात्यांच्या सूचीतच टाकावे लागते. पण दाते मत देत नाहीत. चार पानांचे चोपडे आणि चार तपांचे संशोधन त्यांच्या पानावर एकाच मापाच्या टाइपात शेजारी शेजारी बसतात. सूचिकाराचा हा धर्मच आहे, आणि त्याबद्दल दात्यांना दोष देणे म्हणजे तराजूला मालाची चव विचारण्यासारखे आहे. अडचण एवढीच की, जिज्ञासू वाचक ही सूची उघडतो तेव्हा त्याला चवच हवी असते.

मग निर्देशाचे काम कोणी केले? काही अंशी ते संदर्भग्रंथांच्या कर्त्यांनीच आपापल्या प्रस्तावनांतून केले, आणि प्रस्तावना हाच संदर्भग्रंथाचा सर्वांत कमी वाचला जाणारा भाग असतो. याचे उत्तम उदाहरण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. 'मोल्सवर्थ पाहा' हा सल्ला पिढ्यान्पिढ्या दिला जात आहे. मात्र तो देणारा बहुधा कोणता मोल्सवर्थ ते सांगत नाही. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. तिच्या आधी दोनच वर्षे, १८२९ मध्ये, सरकारने नेमलेल्या शास्त्रीमंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला होता. मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच देणारा हा कोश आणि मोल्सवर्थचा कोश यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६०,००० झाले, आणि मराठीचे घटक व प्रसार यांविषयी डॉ. जॉन विल्सन यांचा निबंध तिला जोडला गेला. आज पुनर्मुद्रणांतून व संगणकावर जी उपलब्ध आहे ती ही दुसरी आवृत्ती. एखादा शब्द १८३१ पूर्वी रूढ होता असे सिद्ध करण्यासाठी जो अभ्यासक 'मोल्सवर्थमध्ये आहे' असे लिहितो आणि १८५७ ची प्रत उघडून ठेवतो, त्याचे प्रमाण सव्वीस वर्षांनी सरकलेले असते. पदव्युत्तर प्रबंधांत ही चूक होणे अगदी सहज शक्य आहे. ती करणाराइतकाच, आवृत्ती न सांगता ग्रंथ सुचविणाराही तिचा धनी आहे.

दुसरी अडचण लेखनाची आहे. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला. त्यानंतर शिकलेला वाचक 'गाव', 'पाच', 'नाव' या रूपांनी शब्द शोधतो. जुन्या कोशांत ते 'गांव', 'पांच', 'नांव' असे आहेत, आणि अनुस्वारामुळे वर्णक्रमातील त्यांची जागा बदलते. शब्द सापडला नाही म्हणून तो कोशात नाहीच, असा समज करून घेणारा वाचक मूर्ख नव्हे; त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. संक्षेपांचेही तसेच आहे. शब्दापुढील एकेका अक्षराने मोल्सवर्थ त्याचे मूळ सुचवितो. कोणते अक्षर संस्कृताचे, कोणते फारसीचे, कोणते अरबीचे आणि कोणते हिंदुस्थानीचे, हे आरंभीच्या पानांवर दिलेले आहे. शिवाय ते व्युत्पत्तीचे दिग्दर्शन आहे, सिद्धता नव्हे.

हा भेद स्पष्ट होण्यासाठी 'अडकित्ता' हा साधा शब्द घ्यावा. त्याचा पूर्वभाग कन्नड 'अडके', म्हणजे सुपारी, हा आहे. ज्या वाचकाला प्रत्येक मराठी शब्दाचे मूळ संस्कृतातच असले पाहिजे असे शिकविले गेले आहे, तो येथे ओढूनताणून काही धातू शोधीत बसेल. त्याच्या हाती केवळ मोठा कोश देऊन भागत नाही. कोणत्या प्रश्नाला कोणता ग्रंथ, हे त्याला सांगावे लागते. शब्द कोठल्या प्रांतात बोलला जातो आणि जुन्या वाङ्मयात कसा आला आहे हे पाहावयाचे असेल, तर यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (सात विभाग, १९३२ ते १९३८, पुरवणी १९५०) पाहावा. त्यातील अवतरणे आणि कोकणी, कुडाळी, वऱ्हाडी अशा बोलींच्या खुणा मोल्सवर्थमध्ये नाहीत. तुलनेसाठी अन्य भाषांतील रूपे हवी असतील, तर कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६) घ्यावा. मात्र त्यातील व्युत्पत्ती टर्नरच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशाशी ताडून घेतल्याशिवाय अंतिम मानू नयेत. टर्नरचे काम १९६० नंतर प्रसिद्ध झाले, ते कुलकर्ण्यांना उपलब्ध असणे शक्य नव्हते. फारसीकडून आलेल्या शब्दांसाठी माधव त्रिंबक पटवर्धन यांचा 'फारसी-मराठी कोश' (१९२५) आहे. प्राचीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ मध्ये आल्यापासून आधीच्या साधनांचे महत्त्व मर्यादित झाले आहे.

ध्वनिपरिवर्तनाचे शास्त्र समजून घेऊ इच्छिणाराला एकच ग्रंथ सांगावयाचा तर ज्यूल ब्लॉक यांचा. मूळ फ्रेंच ग्रंथ १९२० चा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला तो कठीण वाटेल, हे खरे. पण शेवटची शब्दसूची हाताशी ठेवून, ओळखीच्या शब्दापासून मागे जात वाचला, तर तो पुष्कळसा सुगम होतो. या क्रमाने वाचावा असे सांगणारा कोणी भेटला नाही, म्हणून किती वाचकांनी तो पहिल्या प्रकरणातच मिटला असेल!

जुन्या ग्रंथाचे नाव सांगताना त्याच्यानंतर काय घडले हेही सांगावे लागते, याचे सर्वपरिचित उदाहरण श्रवणबेळगोळचे. तेथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी वाक्यास ९८३ हे वर्ष देऊन त्याला मराठीतील पहिले वाक्य म्हणण्याचा प्रघात पडला. तुळपुळ्यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात या लेखाचा काळ बाराव्या शतकात खाली आणला आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील आक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, शिलालेख त्याच्या पुढे ठेवला. आक्षीच्या शकाच्या वाचनावरही पुढे आक्षेप आले. तरी जुनी विधाने पाठ्यपुस्तकांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून चालतच राहिली. ज्या ग्रंथांनी ९८३ दिले ते निकृष्ट होते असे नाही. त्यांतील काही आजही वाचनीय आहेत. त्यांचे नाव सुचविताना 'या एका मुद्द्यापुरते तुळपुळे पाहा' ही अर्धी ओळ जोडली जात नाही, दोष तेथे आहे.

निर्देशाचा एक निराळाच आणि धाडसी प्रयोग श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केला. त्यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस विभाग १९२० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिले पाच विभाग अकारविल्हे नाहीत. 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास' हे सलग वाचावयाचे ग्रंथ आहेत. 'अ' पासूनच्या नोंदी सहाव्या विभागात सुरू होतात. आगाऊ वर्गणी भरून कोश घेणाऱ्या ग्राहकाला पहिल्या खेपेस कोश मिळालाच नाही, पाच जाडजूड प्रस्तावना मिळाल्या! व्यवहारदृष्ट्या हे गैरसोयीचे होते. तथापि त्यामागील विचार खोल होता : सुटी माहिती शोधण्यापूर्वी वाचकाला ज्ञानाचा नकाशा दिसला पाहिजे. ज्ञानकोशाची शिफारस आज करावयाची तर ती या पाच विभागांसाठी करावी. त्यांतील सिद्धांतही पुष्कळसे मागे पडले आहेत, पण १९२० च्या सुमारास एका मराठी विद्वानाने जगाकडे कसे पाहिले याचे ते अस्सल साधन आहे. वर्णक्रमाने दिलेल्या नोंदींतील लोकसंख्या, व्यापार, राज्यव्यवस्था यांची माहिती केवळ त्या काळापुरती खरी आहे. चालू माहितीसाठी मराठी विश्वकोशाकडेच वळावे लागते. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे, हे ध्यानात ठेवून त्यालाही वर्ष विचारले पाहिजे.

चरित्रकोशांविषयी थोडक्यात सांगता येईल. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' १८७६ चा. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ आणि १९४६ चे. पौराणिक व्यक्तींसाठी चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश आजही पहिला हाती घ्यावा, कारण प्रत्येक विधानाखाली आधार दिलेला असल्याने वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत जाता येते. गोडबोल्यांचा कोश आता त्या विषयासाठी नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातील कोशरचनेच्या इतिहासासाठी पाहावा.

अलीकडे मोल्सवर्थ आणि 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या उपक्रमातून संगणकावर खुले झाले आहेत. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे विचारण्याची गरज त्यामुळे उरली नाही. खेड्यातील शिक्षकाला किंवा परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला हे कोश प्रथमच घरी मिळाले. पडद्यावर शब्द टाकला की तेवढी नोंद समोर येते. वर्ष, आवृत्ती, संक्षेपांची यादी आणि कर्त्याची प्रस्तावना यांच्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो, आणि तो घ्यावा असे सांगणारा माणूस त्या वेळी शेजारी बसलेला नसतो.