नेमाची शिस्त

मराठवाड्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. तिथे ‘नेम’ म्हटलं की आधी वारीचा, एकादशीचा, गोदावरीच्या स्नानाचा नेम आठवतो. त्याच गावात गोट्या खेळणारं पोर ‘नीट नेम धर’ म्हणून सोबत्याला ओरडतं. शब्द एकच. संस्कृत ‘नियम’ बोलताबोलता झिजून ‘नेम’ झाला, आणि त्याच्या मुळाशी ‘यम्’ म्हणजे आवरणं. नेमणूक, नेमका, नेमस्त हा सगळा त्याचाच गोतावळा. भिरभिरणारी नजर आवरून एका जागी बांधली की तोही नेमच.

‘शिस्त’ नेमकी उलट्या वाटेने आली. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि दोरी ओढताना धनुर्धारी अंगठ्यात घालतो ती कडीसुद्धा. त्यावरून अर्थ झाला नेम. उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे आजही नेम धरणं. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याला उर्दू काही परकी नाही. पण मराठीने बाण टाकून दिला आणि त्याची सरळ रेघ तेवढी ठेवून घेतली. शिस्त म्हणजे ओळ, व्यवस्था, वळण. नियमाचा नेम झाला आणि नेमाची शिस्त. मराठीतली ही अदलाबदल मला फार मोलाची वाटते.

बिलियर्ड्स किंवा स्नूकरच्या टेबलाशी दोन्ही शब्द पुन्हा भेटतात. नवखा खेळाडू रंगीत चेंडूवरचा, खिशाच्या बरोब्बर विरुद्ध बाजूचा बिंदू हेरतो आणि पांढऱ्या चेंडूचा मध्य थेट त्याच्यावर रोखतो. फटका जाडा, म्हणजे हवा त्याहून मध्याकडे, बसतो, चेंडू खिशाच्या बाजूला आदळतो. कारण चेंडूंना जाडी असते. खिशापासून रंगीत चेंडूच्या मध्यातून मागे रेघ ओढायची आणि तिच्यावर, त्याला टेकलेला, एक काल्पनिक चेंडू ठेवायचा. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटरचा, म्हणून या काल्पनिक चेंडूचा मध्यही रंगीत चेंडूच्या मध्यापासून तेवढाच मागे. पांढऱ्याला न्यायचं ते तिथे. हा झाला नेम.

पण तो डोळ्याने ठरवून भागत नाही. हनुवटी क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, वर, मागचा हात लोलकासारखा, कोपर, मूठ आणि क्यूचं टोक एका रेघेत: ही शिस्त, आणि तीही जुन्या अर्थाची. या शिस्तीचा कस बिलियर्ड्समध्ये लागतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. या खेळात एकाच पाळीत शेकडो गुण जमवता येतात, आणि त्यासाठी तोच फटका, तीच रेघ, नेमाने.

आपल्या घरोघरच्या कॅरमलाही हाच हिशेब लागतो. फक्त स्ट्रायकर सोंगटीहून मोठा, म्हणून काल्पनिक वर्तुळाचा मध्य दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतका मागे धरायचा. आणि पट्टीमागची सोंगटी घ्यायला काही जण अंगठ्याने मारतात, तेव्हा ती शब्दशः ‘शस्त’च असते.