कडधान्यांचे वजन-आकारमान रूपांतर

कडधान्यांचे वजन-आकारमान रूपांतर म्हणजे कोरड्या कडधान्याचे वा डाळीचे वजन ठरावीक मापात, किंवा मापाने घेतलेले धान्य वजनात बदलून सांगण्याची स्वयंपाकातील गणनापद्धती होय. मुंबईत किराणा वजनावर विकत घेतला जातो, तर घरगुती पाककृतींत प्रमाण बहुधा वाटीने सांगितले जाते. त्यामुळे या रूपांतराची गरज पडते.

पारंपरिक मापे

महाराष्ट्रात धान्य पूर्वी मापाने मोजले जाई. प्रचलित कोष्टकानुसार २ निळवी म्हणजे १ कोळवे, २ कोळवी म्हणजे १ चिपटे, २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली. या मापांचा आकार स्थानपरत्वे बदलत असे. माप काठाशी सपाट करून भरले की शीग ठेवून भरले, यानेही धान्याचे प्रमाण बदले. काठावर राहणाऱ्या धान्याच्या निमुळत्या राशीला शीग म्हणतात. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे.

‘शेर’ हा शब्द वजन आणि माप या दोन्हींसाठी वापरला जाई. जुना मुंबई मण २८ पौंडांचा असून त्याचे ४० शेर होत. म्हणजे एक शेर सुमारे ३१८ ग्रॅमचा. ८० तोळ्यांचा शेर मात्र ९३३.१ ग्रॅमचा होता. त्यामुळे जुन्या पाककृतीतील शेर कोणता, हे ठरवल्याशिवाय रूपांतर करता येत नाही. दोहोंत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. १९५६ च्या वजने व मापे मानक कायद्यानंतर १९५८ पासून देशात दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली.

रूपांतराचे तत्त्व

दाण्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. म्हणून येथे एकट्या दाण्याची नव्हे, तर राशीची घनता विचारात घेतात. वजन (ग्रॅम) = माप (मिलिलिटर) × राशीची घनता. सपाट भरलेल्या १०० मिलिलिटर मापात मावणारे कोरडे धान्य अंदाजे असे:

वाल – ८९ ग्रॅम
मूग, उडीद – ८७ ग्रॅम
काबुली चणे – ८५ ग्रॅम
मटकी – ८३ ग्रॅम
मसूर – ८१ ग्रॅम
राजमा – ७८ ग्रॅम
चवळी – ७१ ग्रॅम

दाण्याचा आकार, वाण, ओलावा आणि माप हलवून वा ठोकून भरणे यांमुळे हे आकडे कमीजास्त होतात. घरोघरच्या वाट्याही सारख्या नसतात. वाटीत मावणारे पाणी मोजून तिचे माप एकदा ठरवून घेणे सोयीचे ठरते.

खानावळीतील उपयोग

लालबाग-परळच्या गिरणगावात अनेक स्त्रिया गिरणी कामगारांसाठी घरगुती खानावळी चालवत. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ठरलेल्या पैशांत ठरलेली पाने वाढायची असल्याने अशा व्यवसायात प्रमाण चुकणे परवडत नाही. उदाहरणार्थ, माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी धरल्यास ४० जणांच्या उसळीला १.६ किलो मटकी लागते. १५० मिलिलिटरच्या वाटीने ती सुमारे १३ वाट्या भरते. त्याच १३ वाट्या चवळी घेतली, तर वजन सुमारे १.४ किलोच भरते आणि जवळपास ५ जणांचा वाटा कमी पडतो.

भिजवल्यानंतरचा बदल

भिजवलेल्या कडधान्याचे वजन साधारणपणे दुप्पट होते आणि आकारमान त्याहूनही वाढू शकते. त्यामुळे कोरड्या धान्याचे आकडे मोड आलेल्या कडधान्याला लागू पडत नाहीत. गिरगाव-दादरच्या घरांत होणाऱ्या वालाच्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलतात. सालीचे वजन वजा होत असल्याने त्याचे प्रमाण निराळे धरावे लागते. पाककृतीत ‘एक वाटी वाल’ एवढाच उल्लेख असल्यास ते कोरडे, भिजवलेले की सोललेले, हे पाहूनच रूपांतर केले जाते.