मेंदूतील गळू : कानातून शिरणारा धोका

आलापल्ली : ताप, डोकेदुखी, झटके आणि पाठोपाठ बेशुद्धी. अहेरी-भामरागड पट्ट्यात अशी लक्षणे दिसताच पहिला संशय मेंदूच्या मलेरियावर जातो आणि ते योग्यच आहे. मात्र रक्ततपासणीत मलेरिया आढळला नाही, किंवा त्यावरील उपचारांनी शुद्ध परतली नाही, तर रुग्णाचा कान पाहणे अगत्याचे ठरते.

महिनोन्‌महिने वाहणारा, दुर्गंधी येणारा कान हे मेंदूत पू साठण्याचे जुने कारण आहे. कानामागील हाड पोखरून जंतू आत शिरतात. कानात तेल घालून हा आजार बरा होत नाही, तो केवळ झाकला जातो. सायनसचा संसर्ग, किडलेले दात, डोक्याची जखम आणि जन्मजात हृदयदोष ही अन्य कारणे होत.

निदान सीटी स्कॅन किंवा एमआरआयने होते. गळवाचा संशय असताना त्याआधी पाठीतून पाणी काढणे जिवावर बेतू शकते. क्षय व डुकरातील पट्टकृमीच्या गाठीही स्कॅनमध्ये अशाच कड्यासारख्या दिसतात, हे येथे विसरून चालणार नाही.

रक्तातील औषध मेंदूत सहजी उतरत नाही, त्यामुळे मात्रा मोठी लागते. प्रौढांना सामान्यतः सेफट्रायॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी शिरेतून देतात. जखमेतून संसर्ग झाला असल्यास व्हॅन्कोमायसिनची जोड दिली जाते. गळू अडीच सेंटिमीटरहून मोठे असल्यास कवटीला छिद्र पाडून पू काढतात. त्याच्या तपासणीवरून पुढील औषध ठरते.

हा उपचार सहा ते आठ आठवडे चालतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गाठावे लागणारे नागपूर आलापल्लीहून अडीचशे किलोमीटरहून दूर. धानकापणी वा तेंदूपानांच्या हंगामात दीड महिना रुग्णाजवळ कोणी थांबायचे? ताप आठवडाभरात उतरला तरी गळू शिल्लक असते. औषध अर्धवट सोडल्यास ते पुन्हा वाढते.

१९६० च्या दशकात या आजाराचे सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत. अलीकडे हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले आहे. मेट्रोनिडॅझोल दीर्घकाळ चालू असताना हातापायांना मुंग्या आल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. कानाची शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, अन्यथा त्याच वाटेने गळू पुन्हा होऊ शकते.