पिशवी आणि फेरविचार

मराठी बोलणाऱ्या खेड्यापाड्यांतून स्त्रिया गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. शब्द सोयीचा आणि संकोच टाळणारा आहे खरा. परंतु त्यात एक घातक सूचनाही दडलेली आहे. पिशवी रिकामी झाली, जुनी झाली, की ती बाजूला टाकावी, त्यात विशेष ते काय? दोनतीन मुले झाली, मुलाबाळांचे शस्त्रकर्म झाले, आणि पुढे कधी अंगावरून जास्त जाऊ लागले किंवा कंबर दुखू लागली, की घरातीलच कोणी अनुभवी स्त्री म्हणते, ‘आता तिचा उपयोग तरी काय? काढून टाक, म्हणजे सुटलीस.’ दवाखान्यातही तसेच सांगण्यात आले, तर मग विचार करावयाचा उरतोच कोठे? आणि तरीही, तारीख ठरल्यावर, पैशांची जुळवाजुळव झाल्यावर, कित्येक स्त्रियांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. हे खरोखरच करावयास हवे काय? घरची माणसे या शंकेला भित्रेपणा म्हणतात. वास्तविक या शस्त्रक्रियेचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तिच्यातील पुष्कळशी प्रगती याच शंकेतून झाली आहे, असे दिसून येते.

पोट उघडून गर्भाशय काढण्याचा पहिला प्रयत्न १८४३ साली मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले याने केला. रोगी काही दिवसांतच दगावली. अशा शस्त्रक्रियेतून पहिली स्त्री वाचली ती १८५३ साली, अमेरिकेतील लोवेल या गिरणगावात. आणि तीही एका चुकीमुळे! बर्नहॅम नावाच्या शस्त्रवैद्याने अंडाशयावरील गाठ समजून पोट उघडले. रोगी ओकू लागली, त्या कळांसरशी गाठींनी भरलेले गर्भाशयच जखमेतून बाहेर आले, ते काही केल्या आत बसेना, तेव्हा निरुपायाने त्याने ते कापून काढले. त्याच वर्षी त्याच गावातील किंबॉल याने मात्र समजून उमजून ही शस्त्रक्रिया केली आणि त्याचीही रोगी जगली. पुढील कित्येक वर्षे या शस्त्रक्रियेला तयार होणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया मरणच पावत असत. साहजिकच त्या काळी ‘काढावे की काढू नये’ हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. जिला दुसरा मार्गच उरला नाही तीच टेबलावर जाई.

गुंगी आणणारी द्रव्ये १८४६ नंतर प्रचारात आली, लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ पासून रुजू लागली, आणि हा धोका उतरत गेला. धोका उतरला तसा हातही सैल झाला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी याने १८७२ साली एका स्त्रीची अंडाशये काढली. तिच्या पाळीच्या वेळच्या त्रासावर हा त्याचा उपाय होता. लवकरच डोकेदुखी, उदासपणा, ‘वेड’ अशा नाना तक्रारींसाठी धडधाकट अंडाशये काढण्याची एक लाटच उसळली. ती ओसरावयास वीसपंचवीस वर्षे लागली, आणि तोवर ज्या स्त्रिया ऐन तारुण्यात म्हाताऱ्या झाल्या त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

फेरविचाराची सुरुवात काही ठिकाणी डॉक्टरांच्या स्वतःच्या घरातून झाली. लंडनचे व्हिक्टर बॉनी हे आपल्या पिढीतील अग्रगण्य स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या पत्नीचे गर्भाशय गाठींमुळे लग्नानंतर थोड्याच काळात काढावे लागले आणि ते दांपत्य निपुत्रिक राहिले. बॉनी यांनी पुढे आयुष्यभर गाठी तेवढ्या काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया सुधारली. शेकडो स्त्रियांवर ती केली. १९४६ साली तिच्या बारकाव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ते काम किचकट होते, रक्तस्राव आवरणे अवघड होते, आणि सबंध पिशवी काढून मोकळे होणे शस्त्रवैद्याला पुष्कळच सोपे होते. हा भाग ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण राखणे हे काढण्यापेक्षा अधिक कौशल्याचे काम असते.

या कामात महाराष्ट्राचा आणि गोमंतकाचा वाटा जगाने मानलेला आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे मूळचे गोव्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांचे नाव जगभर झाले ते गर्भाशयाचे तोंड आवळून धरणाऱ्या टाक्यामुळे. हा टाका त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी आरंभी मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी वापरली. वारंवार गर्भ गळून ज्यांची ओटी रिकामी राहत होती अशा असंख्य स्त्रियांना या टाक्याने मूल दिले. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. अंग बाहेर येणे हा आपल्याकडील कष्टकरी स्त्रियांचा जुना विकार. कोवळ्या वयातील बाळंतपणे, बाळंतपणानंतर विश्रांती नाही, डोक्यावर ओझी, आणि त्यामुळे पंचविशीतिशीतच गर्भाशय खाली उतरते. पाश्चात्त्य देशांत हा विकार बहुधा उतारवयातील, म्हणून तेथील ग्रंथांत गर्भाशय काढण्याचा उपाय सांगितलेला असे. शिरोडकरांसमोर येणाऱ्या कित्येक रोगी वयाने तरुण होत्या. कोणाला अजून मूल हवे होते, कोणाला संसारात टिकून राहण्यासाठी पाळी चालू असणे आवश्यक वाटत होते. त्यांच्यासाठी त्यांनी गर्भाशय पट्टीच्या झोळीने मागील त्रिकास्थीला टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसविली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतील चिवट पडद्याच्या पट्ट्या काढून तेच कार्य वेगळ्या रीतीने साधले. या दोन्ही शस्त्रक्रिया त्यांच्या कर्त्यांच्या नावांनी आजही वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जातात. परदेशी ग्रंथ एक सांगत असता समोरच्या स्त्रीकडे पाहून त्यांनी निराळा विचार केला, याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही.

त्याच सुमारास हा प्रश्न धर्मचिंतनातही उभा राहिला होता. पोप बारावे पायस यांनी ८ ऑक्टोबर १९५३ रोजी मूत्ररोगतज्ज्ञांसमोर बोलताना अवयव काढण्याला तीन अटी घातल्या: तो राहिल्याने देहाला गंभीर अपाय होत असावा; तो अपाय अन्य उपायाने टळण्यासारखा नसावा; आणि होणाऱ्या हानीपेक्षा लाभ अधिक असावा. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी कोणत्याही रोग्याने डॉक्टरांना विचारावे असेच हे तीन प्रश्न आहेत.

वैद्यकाच्या व्यवसायानेही स्वतःला हे प्रश्न विचारले; मात्र उशिरा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे नॉर्मन मिलर यांनी १९४६ साली अनेक इस्पितळांतील नोंदी तपासल्या, आणि गर्भाशय काढणे ही उपचाराची निकड आहे की निव्वळ धंदा, असा सवाल निबंधाच्या मथळ्यातच टाकला. याहूनही बोलके उदाहरण कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताचे आहे. तेथे १९६४ ते १९७१ या काळात या शस्त्रक्रिया सुमारे ७२ टक्क्यांनी वाढल्या. स्त्रियांची संख्या मात्र आठ टक्क्यांनीही वाढली नव्हती. तेव्हा तेथील डॉक्टरांच्याच संस्थेने समिती नेमून सात इस्पितळांतील कागद मागविण्यास प्रारंभ केला. प्रारंभी २३.७ टक्के शस्त्रक्रिया असमर्थनीय ठरत होत्या. १९७४ पर्यंत हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले आणि एकंदर शस्त्रक्रियाही जवळजवळ एकतृतीयांशाने घटल्या. कोणाला शिक्षा झाली नव्हती की नवे औषध निघाले नव्हते. उद्या कोणीतरी कागद पाहून ‘का काढले?’ असे विचारणार, एवढ्या जाणिवेने हा फरक पडला!

आपल्याकडे हा प्रश्न फार दिवस विचारलाच गेला नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये, पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही या कारणास्तव, पुण्यातील ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा क्षोभ झाला आणि पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना फेरविचार करता येणार नव्हता. तो इतरांनी करावयास हवा होता. पुढे २००८ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबामागे वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचा खर्च सरकार सोसणार होते. हेतू उत्तमच होता. पण २०१२ साली छत्तीसगड आणि बिहारमधून तक्रारी येऊ लागल्या, की विम्याची रक्कम मिळविण्यासाठी काही खासगी दवाखान्यांत तरुण स्त्रियांच्या पिशव्या काढल्या जात आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण कोणाला अल्प वाटेल; परंतु या स्त्रियांचे शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यम वय सुमारे ३४ होते, हे कळल्यावर मन अस्वस्थ होते.

आणि मग २०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव सर्वतोमुखी झाले. ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत राबावयाचे, असा व्यवहार. कामावर खाडा पडला तर दंड. पाळीचे दिवस असोत वा अंग ठणकत असो, बाईला पहाटे फडात उभे राहावेच लागते. मोळ्या डोक्यावर वाहाव्या लागतात. रात्री-अपरात्री गाडी भरावी लागते. कोपीत नहाणीघर नाही, पाण्याचे दुर्भिक्ष. अशा स्थितीत जंतुसंसर्ग होणार, अंगावरून पांढरे जाणार, पोट दुखणार, हे ठरलेलेच. त्यावर साध्या औषधाने आणि थोड्या विश्रांतीने भागण्याजोगे असते. पण विश्रांती म्हणजे खाडा. मग ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल’ असे कोणी सांगितले की ती बाई आणखी उचल घेऊन शस्त्रक्रिया करवून घेई आणि पुरती बरी होण्याआधीच पुन्हा फडात जाई. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी आकडेवारी आली तीनुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. सरासरी सहा जणींत एक! या स्त्रियांनी विचार केला नाही, असे कोण म्हणेल? त्यांनी हिशेब केला होता, आणि तो त्यांच्या परिस्थितीत चुकीचाही नव्हता. त्यांना शांतपणे दुसऱ्यांदा विचार करावयास चार दिवस मिळाले नव्हते, आणि ते चार दिवस फुकट नव्हते.

त्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घ्यावी, असे ठरले. सस्कॅचेवानचाच हा धडा, अर्धशतकानंतर. राजस्थानातील दौसा आणि अन्य ठिकाणच्या प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला, आणि केंद्र शासनाने २०२२ साली आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. त्यांत जिल्हा, राज्य आणि राष्ट्र या तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या सांगितल्या आहेत.

येथे एक गैरसमज होऊ नये. कर्करोग असेल, बाळंतपणात आवरेना असा रक्तस्राव होत असेल, तर ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते आणि तेथे दिरंगाई घातक ठरते. गाठींनी वा रक्तस्रावाने वर्षानुवर्षे गांजलेल्या अनेक स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर सुखी झाल्या आहेत. प्रश्न आहे तो तातडी नसलेल्या रोगींचा. त्यांच्यासाठी गोळ्या आहेत, गाठी तेवढ्या काढता येतात, गाठींचा रक्तपुरवठा तोडता येतो. गर्भाशयात बसवावयाचे, संप्रेरक झिरपविणारे एक छोटे साधन १९९० साली फिनलंडमध्ये प्रथम विक्रीस आले. तेथेच अतिरक्तस्रावाने त्रस्त अशा ३५ ते ४९ वयाच्या २३६ स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला हे साधन व दुसऱ्याला शस्त्रक्रिया देण्यात आली. पाच वर्षांनी पाहता पहिल्या गटातील ४२ टक्के स्त्रियांनी अखेर गर्भाशय काढून घेतलेच होते. उरलेल्यांना त्याची गरज पडली नव्हती. आणि समाधान दोन्ही गटांत सारखेच होते. अंडाशये काढल्यास पाळी तत्काळ जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा संभव वाढतो; ती राखली तरी पाळी जाण्याची अवस्था काहीशी लवकर येते. चौतिसाव्या वर्षी या गोष्टींचे मोल निराळे आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निराळे.

बालाघाट जिल्ह्यातील किरनापुर तहसिलातल्या एखाद्या स्त्रीने हा सल्ला मनावर घेतला, तर तिने दुसऱ्या डॉक्टरांकडे जावयाचे कोठे? एका बाजूस बालाघाटचे जिल्हा रुग्णालय, आणि बाघ नदी ओलांडून महाराष्ट्रात आले की गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय. दोन्हीकडे जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे आणि गाडीभाडे. धानाच्या रोवणीचे दिवस असतील तर घरून नकारच. शिवाय पहिल्या दवाखान्यातील सोनोग्राफीचा कागद हाती नसेल, तर सर्व तपासण्या नव्याने करून घ्याव्या लागतात आणि ती हताश होऊन परत फिरते. म्हणून हे ठाऊक असणे अगत्याचे आहे, की डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ सालच्या नियमांनुसार रोग्याने मागितल्यावर त्याचे वैद्यकीय कागद ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते मागण्यासाठी कारण सांगावे लागत नाही.